तहकूब

पेठच्या पुढे एसटी जिथे माघारी वळते
तिथून आमची ग्रामपंचायत सुरू होते.
संपते कुठे, ते
बावीस वर्षं शिपाई असूनही
मी खात्रीनं सांगू शकत नाही.

नऊ पाडे. मतदार चारशे बारा.
बाकी नकाशावर नुसता हिरवा रंग,
त्यात बारीक आकडे, कक्ष अमुक, कक्ष तमुक,
जणू रानालाही घरपट्टी लावायला कुणी बसलं
आणि मध्येच कंटाळून उठून गेलं.

सभेची नोटीस फिरवायला अडीच दिवस लागतात.
पहिल्या दिवशी खालचे पाडे,
मुक्काम जानकू भोयेच्या ओट्यावर,
नागलीची भाकर, खुरासणीची चटणी.
दुसऱ्या दिवशी खिंड.
खिंडीत मी खोकतो. उगाच.
बापही खोकायचा तिथे.
वाघदेवाला कळावं, माणूस येतोय,
कामाचा आहे, थांबणार नाही.

खिंडीच्या वर देवयानी बागूल भेटली,
वनरक्षक, कळवणकडची,
नोकरी नवी, बूट त्याहून नवे.
हद्दीचा सदतिसावा बुरूज शोधत होती.
यादीत होता. मोबाईलमधला ठिपका म्हणत होता
तू त्याच्यावरच उभी आहेस.
कारवी बाजूला सारली तर
कमरेएवढं वारूळ.
तिनं काठीनं टोकरलं,
मातीआडून चुन्याचा पांढरा डाग डोकावला.
दगडन् दगड वाळवीनं आत घेतलेला.
बराच वेळ पेन धरून उभी राहिली,
मग लिहिलं, 'अस्तित्वात आहे.'
आणि मला विचारून, खाली,
'दुरुस्ती नको.'

विषय एकच होता नोटिशीत,
वरचं रान संवर्धन राखीव जाहीर व्हावं,
अशी शिफारस करणे.
शेवटच्या पाड्यावर चिंधाबाई गावित
हिरडे वाळत घालत होती.
'राखीव म्हंजे रे?'
'राखलेलं.'
'पाहुण्यासाठी कोंबडी राखतात, तसं?'
म्हटलं, साधारण.
'मग पाहुणा कधी यायचा ते बघ कागदात.
आन् तवर दाणे कोण टाकणार, तेबी.'
कागद मी दोन्ही बाजूंनी बघितला.

येताना देवराईच्या कडेनं आलो.
आत एक ऐन पडलाय, अकरा पावसाळे झाले,
पडला तसाच आहे.
माझ्या घराचं आढं पोखरलंय.
दर खेपेला नजरेनं मोजतो,
बरोबर बसेल. हातभर उरेलसुद्धा.
हात लावत नाही.
हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं
ते ग्रामसेवकाला विचारायचं राहतं.

सभेला अठ्ठावन्न आले.
कोरम शंभराचा.
ग्रामसेवकानं अर्धा तास घड्याळ बघितलं,
कुणी म्हणालं, पिंपळावरची वानरं धरा,
ती कायम इथलीच रहिवासी आहेत.
हसले सगळे. तो हसला नाही,
त्यानं लिहिलं, तहकूब. पुढील तारीख, आठ दिवसांनी.

चिंधाबाई आदल्या दिवशीच निघाली होती घरून,
काखेत कोंबडी.
टेबलाच्या पायाला बांधली तिनं ती,
खुर्च्यांवरून नजर फिरवली,
'पाहुणे नाही आले?'
सांगितलं, नाही.
'मग पुढच्या नोटिशीसंगं आण हिला परत.
तवर राख.'

म्हणून ह्या खेपेला
खांद्याच्या पिशवीत एकीकडे नवे कागद,
दुसरीकडे ही, मान बाहेर काढून.
जानकूनं विचारलं, कापायची?
म्हटलं, सरकारी आहे.

खिंडीत रानकोंबडा आरवला,
आत कुठेतरी, कक्षाचा आकडा माहीत नाही.
पिशवीतली गप्प झाली. ऐकत राहिली.
मीही थांबलो.
त्या दिवशी
खोकायचं राहून गेलं.